शिंकेतून जन्मलेला पक्षी

“सर, इथे नक्की काय कमी आहे?” बारकीने विचारलं.

“तेसुद्धा मीच सांगायचं? मग तू कशाला आहेस?” असं म्हणून गोलसाहेबांनी झोपलेल्या हत्तीच्या पोटावर आणखी एक लाल गोल काढला.

बारकी म्हणजे त्या कार्टून-ऑफिसातली सगळ्यात लहान चित्रकार आणि गोलसाहेब म्हणजे, दुर्दैवाने, तिचे साहेब. ऑफिसात एक भारी सॉफ्टवेअर होतं. फिल्म हवी तिथे थांबवायची, त्या चित्रावर लाल पेनने खूण करायची आणि बाजूला शेरा लिहायचा. खूण फक्त त्या एका चित्रापुरती. शहाण्या माणसाला केवढी सोय! पण ती पडली होती साहेबांच्या हातात. त्यांना स्वतःला धड बटाटा काढता येत नसे, पण दुसऱ्याच्या चित्रावर गोल ठोकताना हात कसा भरभर चालायचा! शेराही ठरलेला : ‘इथे काहीतरी कमी आहे.’ साहेबांच्या डोक्याबद्दल अगदी हाच शेरा लिहावा असं बारकीला फार वाटे. पण गादीची ही जाहिरात पास झाली तरच तिची नोकरी कायम होणार होती, नाहीतर हातात नारळ. म्हणून ती आपली तोच हत्ती पुन्हा पुन्हा काढी.

तेवढ्यात साहेबांना सणसणीत शिंक आली. माउस सटकला आणि हत्तीच्या डोक्यावर लाल गिचमिड उमटली. ती त्यांनी पुसली नाही. पुसणं हे हाताखालच्यांचं काम! फिल्म तशीच गादीवाल्या मालकीणबाईंना धाडली.

लगेच बाईंचा फोन. “अहो, हत्तीच्या डोक्यावरचा लाल पक्षी कसला गोड आहे! पण एका क्षणात गायब का होतो? शेवटपर्यंत राहू द्या ना!”

बारकीने ओठ दाबून हसू आवरलं. साहेबांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग छताकडे, आणि छाती फुगवली. “माझीच कल्पना ती. स्वतःच्या हाताने काढलाय!”

झालं! बारकीने ती शिंक जशीच्या तशी उतरवली आणि तिला पंख फडफडायला लावले. नवी फिल्म पाहताच साहेबांचा हात सवयीने चालला. शेवटच्या चित्रात पक्ष्याभोवती गोल. शेरा : ‘हे काय मध्येच? काढून टाक.’

“सर, हा तुमचाच पक्षी.”

“मग आधी नाही का सांगायचं!” साहेबांनी घाईघाईने शेरा खोडला आणि फिल्म पाठवली. गोल तसाच राहिला.

बाई फोनवर किंचाळल्याच. “घरटं! अहो, थोर आहात तुम्ही! फिल्म पास! आणि आता पुढच्या सगळ्या जाहिराती तुम्हीच काढायच्या हं. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही.”

“मी? म्हणजे... अर्थात! मीच!”

बारकी कायम झाली. साहेब चित्रं काढणार, तर ती तपासणार कोण? लाल पेन तिच्याकडे आलं.

घामाघूम होऊन साहेबांनी ससा काढला. निदान बटाटा तरी जमला होता. बारकीने फिल्म थांबवली आणि सावकाश, जीव ओतून एक सुरेख लाल गोल काढला.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “यात नक्की काय कमी आहे गं?”

“तेसुद्धा मीच सांगायचं, सर?”