फाटक्या आवाजाची दुरुस्ती

एका जंगलात, बाळांनो, वाघाची डरकाळी संपली.

डब्यातली साखर संपते ना, तशी संपली. सकाळी होती, दुपारी नव्हती. वाघोबाने तोंड उघडलं, तर आतून दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी आलं. समोर ससा उभा होता. तो म्हणाला, "महाराज, काही हवंय का?"

वेळही वाईट होती. त्या जंगलाच्या कडेला एक पाणवठा होता. पलीकडे दुसरं जंगल, तिथे दुसरा वाघ. दर वर्षी चैत्री पौर्णिमेला, सूर्य मावळताना, दोन्ही वाघ आपापल्या काठावर उभे राहून डरकाळी फोडत. मधल्या खडकावर म्हातारी हत्तीण न्याय करायला बसे. ज्याची डरकाळी जड, त्याला उन्हाळाभर पाणवठा. जो हरेल, त्याच्या जंगलाने दोन कोस चालून नदीवर जायचं. दोन कोस म्हणजे मोठ्या हरणाला काहीच नाही. पण चार दिवसांच्या पाडसाला विचारून बघा.

पौर्णिमेला आठ दिवस उरले होते.

वाघोबाने गेनू अस्वलाला बोलावलं. गेनू लग्नकार्यात गिटार वाजवायचा. त्याच्याकडे एक लोखंडी डबी होती. गिटारची वायर डबीत घालायची, डबीची वायर स्पीकरला लावायची. मग तारेतून असा फाटका, घोगरा आवाज निघे, की नवरदेव दोन पावलं मागे सरे.

"गेनू," वाघोबा कुजबुजला, "मी तोंड उघडीन. तू झुडपामागून वाजव. बोलू नकोस कुणाला."

"महाराज, डबी बंद पडलीय. मुंग्या शिरल्यात बहुतेक."

"मग दुरुस्त करून आण. एवढं मोठं तंत्रविद्यालय काढलंय ते कशासाठी?"

ते कशासाठी काढलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. पण इमारत छान होती. सारस पक्षी तिथे मुख्याध्यापक होते. त्यांचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. पाचव्या वर्षी ते विद्यार्थ्यांना सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून वायरी जोडायची, सळई लांबून दाखवत.

चार दिवसांनी सारस मास्तरांनी डबी परत दिली.

"एक वायर तुटली होती, ती जोडली," ते म्हणाले. "आणि आवाज फार फाटत होता तुझा. तोही दोष काढून टाकला. कुणा अडाण्याने आत उगाच दोन डायोड लावले होते."

गेनूने तार छेडली. टिंग. दवाचा थेंब पडावा तसा आवाज आला. खिडकीतली खार जांभई देऊन जागच्या जागी झोपली.

"मास्तर, मला फाटकाच हवा होता!"

"फाटका आवाज हा दोष आहे. पान बत्तीस."

"मला दोषच हवाय हो!"

"दोष आपल्याकडे शिकवत नाहीत, बाळ," मास्तर मायेनं म्हणाले. "दोष काढायला शिकवतात. जूनमध्ये प्रवेश घे."

गेनू डबी काखेत मारून निघाला. चार दिवस उरले होते. वाटेत त्याला हरणी भेटली. तिचं पाडस तीनदा पडून चौथ्यांदा उभं राहत होतं. गेनूने मान खाली घातली आणि पाय उचलला.

टेकडीखालच्या बिळात चंद्रा सायाळ राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. ती टॉर्च आणि रेडिओ दुरुस्त करी. शाळेत ती कधी गेली नाही. दारातच काटे अडकायचे.

"अक्का, ही डबी येते का तुला?"

"नाही रे बाबा. असली कधी बघितली नाही. उघड, बघू."

अक्काने आपला एक काटा काढला आणि त्याच्या टोकाने दाखवू लागली.

"हा तीन पायांचा, हा ट्रान्झिस्टर. पाटाच्या तोंडाची फळी बघितलीस ना? बोटभर उचलली की केवढं पाणी सुटतं! तुझी तार बोटभर हलते, हा तिचं केवढं तरी करतो. पाणी मात्र बॅटरीचं."

"मग आवाज फाटतो कुठे?"

अक्काने धुळीत रेघ काढली. डोंगर, दरी, डोंगर, दरी.

"हा तुझा आवाज. गोल गोल. झोप येणारच. आता डायोड बघ. हा एकाच बाजूने वाट देतो, तीही जोराचा धक्का बसला तरच. आवाज ठरावीक उंचीच्या वर चढला की वरचा भाग या वाटेने पळून जातो. डोंगराची शेंडी गेली. काय उरलं?"

"पठार."

"पठाराला कडे असतात. ते कडेच गुरगुरतात बघ."

गेनूने धुळीतली रेघ बोटाने गिरवली. "म्हणजे अक्का, डरकाळी ही शेंडी उडवलेली अंगाईच की!"

"मला काय माहीत! लावून बघ."

जुन्या रेडिओंच्या पोत्यात डायोड सापडले. पहिल्या दिवशी गेनूने पंजावरचे केस जाळले. दुसऱ्या दिवशी दोन्ही डायोड लावले, पण एकाच दिशेला तोंड करून. आवाज निघाला तो वरून वाघ, खालून शेळी.

"चुकलं काय?" गेनू रडकुंडीला आला.

अक्काने धुळीतल्या रेघेवरून काटा फिरवला. वर पठारं होती. खाली दऱ्या तशाच गोल होत्या.

"थांब! एक उलटा लावायला हवा! एक डोंगरासाठी, एक दरीसाठी!"

"अगं बाई, मला सुचलंच नव्हतं," अक्का खोटं बोलली.

तिसऱ्या दिवशी गेनूने तार छेडली. अक्काचे सगळे काटे एकदम ताठ उभे राहिले.

"किती घाण आवाज आहे रे," ती डोळे पुसत म्हणाली. "छान."

पौर्णिमेला सगळं जंगल काठावर जमलं. वाघोबाने छाती काढून तोंड उघडलं. करवंदीच्या जाळीमागे अक्काशेजारी बसून गेनूने तार ओढली. पाणी थरथरलं. हत्तिणीने मान डोलावली.

आता पलीकडच्या वाघाची पाळी. त्याने जबडा उघडला. डर्रर्र... खट्ट. गप्प. वाघाचं तोंड उघडंच. पुन्हा डर्रर्र... खट्ट.

अलीकडचा काठ हसून हसून लोळला. "जिंकलो! पाणी आपलं!"

गेनू हसला नाही. त्याचा कान पलीकडे लागला होता.

"अक्का, त्यांच्याकडेही डबी आहे. तिच्यात सोल्डरचा एक सांधा कच्चा आहे."

"असू दे. आपण जिंकलो. चल घरी."

"सोल्डरचा वितळलेला थेंब थंड व्हायच्या आत कुणीतरी वायर हलवली असणार."

"गेन्या."

"ऐकवत नाही गं."

अक्काने उसासा टाकला. ऐनवेळी काही तुटलं तर असावं, म्हणून तिने निखाऱ्यांचं मडकं आणलं होतं. ते तिने पुढे सरकवलं. "घे. सळई तापलेलीच आहे."

गेनू मडकं डोक्यावर धरून पाण्यातून पलीकडे गेला. तिथल्या झुडपामागे एक तरशीण गिटार मांडीवर घेऊन रडत बसली होती.

"चिडवायला आलास?" ती म्हणाली.

"नाही. सरक जरा."

त्याने डबी उघडली, अक्काच्या काट्याच्या टोकाने एकेक सांधा हलवून बघितला. चौथा हलला. सळई टेकवली, थोडं सोल्डर दिलं, धूर निघाला. मग वायर धरून तो श्वास रोखून बसला, थेंब थंड होईपर्यंत.

"वाजव आता. तुझ्या वाघाचा जबडा दुखायला लागला असेल."

तरशिणीने तार ओढली. पाणी पुन्हा थरथरलं.

हत्तिणीने दोन्ही कान पुढे आणले. दोघांना पुन्हा एकेकदा गरजायला लावलं. मग म्हणाली, "दोन्ही सारख्याच जड. असं आजवर झालं नव्हतं. दोघंही प्या बाबांनो. मला आता घरी जाऊ द्या."

त्या उन्हाळ्यात दोन्ही जंगलांची पाडसं एकाच पाण्यात तोंड घालून उभी राहिली.

वाघोबा मात्र धुसफुसत होता. "गेनू, जिंकलेलं अर्धं घालवलंस."

"हो महाराज," गेनू म्हणाला. "पण सांधा काय चकचकीत बसलाय! एकदा येऊन बघा तरी."

तात्पर्य: बाळांनो, राज्य राखायचं असेल तर प्रजेला सोल्डरिंग शिकवू नये. एकदा हाताला सवय लागली, की कच्चा सांधा कुणाचा आहे, हे तो हात विचारत बसत नाही.