हिरवी वर्तुळं

सातवीच्या विज्ञानाच्या बाई सोमवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या. पडद्यावरच्या सहा वर्तुळांपैकी चौथं लालभडक झालं होतं. शाळेचं छत दुरुस्तीला काढल्यामुळे मुलं महिनाभर घरीच होती, आणि त्यांना गटागटाने ऑनलाइन काम द्यायचं हा बाईंचा हट्ट होता. काम सोपं होतं. गटाने चर्चा करून कागदाच्या पुलाची रचना ठरवायची, प्रत्येकाने तो आपापल्या घरी करायचा आणि त्यावर पाण्याने भरलेली बाटली उभी करून दाखवायची. कोणत्या गटात किती बोलणं चाललंय हे नव्या डॅशबोर्डवर दिसे. गट बोलता असला की वर्तुळ हिरवं, गप्प पडला की लाल.

"शुक्रवारी मी स्वतः बघणार," मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. "लाल दिसलं की गटकार्य बंद. मग सगळ्यांनी माईक बंद करून नुसतं तुमचं शिकवणं ऐकायचं."

बाई तडक चौथ्या गटात शिरल्या. पाच चौकटींत पाच डोकी खाली घातलेली.

"काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? बोला की काहीतरी!"

कुणी मान वर करेना. मग बाईंनीच सुरुवात केली. पूल म्हणजे काय, भार म्हणजे काय, त्यांच्या लहानपणी शाळेच्या वाटेवरचा साकव कसा खचला होता आणि दप्तर कसं वाहून गेलं होतं. दहा मिनिटांत वर्तुळ पिवळं झालं, पंधराव्या मिनिटाला हिरवंगार.

"अहो, बघा, पोरं कशी खुलली!"

समोर भाजी निवडत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. "मला तर तुझाच आवाज येतोय."

"तुम्हाला यातलं काही कळत नाही. आकडे खोटं बोलतात का?"

तेवढ्यात दुसरं वर्तुळ लाल झालं. बाई तिकडे धावल्या. तिथला साकव खचवून येतात तोवर पाचवं लाल. चार दिवस त्या सहा गटांत घिरट्या घालत होत्या. गुरुवारी दुपारी सहाही वर्तुळं हिरवी झाली आणि बाईंचा घसा ठार बसला.

शुक्रवारी चौथ्या गटात त्या आल्या खऱ्या, पण तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. मुलांनी जरा वाट पाहिली. मग त्यांच्यातली चष्मेवाली पुढे सरकली.

"बाई, सोमवारी आम्ही बोलत नव्हतो ना, तेव्हा तोंडात चिकटपट्टी धरलेली. दोन्ही हात पुलात अडकलेले."

"आणि नंतर तुम्ही साकवाचं सांगत होतात," दुसरी म्हणाली. "पण आमचा पूल झालाय. कागदाच्या नळ्या केल्या."

"नळ्यांची आयडिया माझी!"

"हो, पण तुझा तर मोडला!"

एकच गलका उडाला. वर्तुळ आपसूक हिरवं झालं आणि बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक हजर झाले.

"वा! सगळं हिरवं! बघू, आठवड्यात कोण किती बोललं ते." त्यांनी वर्तुळावर टिचकी मारली आणि वाचू लागले. "मुलं नऊ टक्के. बाई... एक्क्याण्णव? खाली सूचनाही आलीय. 'हा सदस्य इतरांना बोलू देत नाही. शिक्षकांनी त्याला प्रेमाने समजवावे.'"

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई, मुलांना बोलू द्यायचं असतं," मुख्याध्यापकांनी प्रेमाने सुरुवात केली. "आपण कमी बोलायचं. मी नवीन शिक्षक होतो ना, तेव्हाची गोष्ट सांगतो..."

गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षात होती. ती तिसऱ्या वर्षात पोचेपर्यंत मुलांच्या माना पुन्हा खाली गेल्या आणि वर्तुळ पिवळं पडलं. चष्मेवाली बाटली हातात धरून ताटकळली होती. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मुख्याध्यापकांचा माईक बंद केला.

बाटली पुलावर उभी राहिली. पूल जरासा वाकला, पण टिकला. पाचही घरांतून आरोळ्या उठल्या. मुख्याध्यापकसुद्धा टाळ्या वाजवत होते, फक्त त्या ऐकू येत नव्हत्या. मग त्यांनी घाईघाईने टाइप केलं, "छान! गटकार्य चालू राहील. आता माझा माईक चालू करा."

बाईंनी पहिली दोन वाक्यं वाचली.