ऑइल खाणारी गाडी आणि आमच्या सिस्टर

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या सिस्टर रोज सकाळी अंगणात येऊन गाडीचं बॉनेट उघडायच्या. आतली ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढायच्या, पांढऱ्या गॉजने पुसायच्या, पुन्हा आत घालायच्या, पुन्हा काढायच्या आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरायच्या. मग थर्मामीटर झटकावा तशी ती पट्टी झटकायच्या. ते काळे शिंतोडे आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीवर उडायचे. माझ्या बायकोने दिवाळीला त्या भिंतीला रंग दिला, तर सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं गं, आता ऑइलचा रंग नीट कळेल."

माझं जव्हारला स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानामागे आम्ही राहतो आणि भिंतीपलीकडे सिस्टर. त्यांचं खरं नाव प्रमिला, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. सारी नोकरी त्यांनी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत नर्स म्हणून केली. लग्न केलं नाही. "वेळ कुठं होता?" एवढंच सांगतात. एक भाचा ठाण्याला असतो, तो गणपतीत फोन करतो.

सिस्टरांची दोन वाक्यं सगळ्या जव्हारला पाठ आहेत. पहिलं, "घाबरायचं कारण नाही, पण बघावं लागेल." माझ्या दुकानाचं शटर अडकलं तरी हेच, आणि माझ्या बायकोच्या वरणात मीठ जास्त झालं तरी हेच. दुसरं वाक्य, "हा माझ्या हातचा." एसटीचा कंडक्टर, तहसीलचा शिपाई, बाजारात कोंबड्या विकणारा, कोणाकडेही बोट दाखवून त्या हे म्हणतात. म्हणजे त्याचा जन्म त्यांच्या हातून झालेला. एकदा एका पोलिसाने त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, तर त्यांनी काच खाली करून विचारलं, "पायाळू तूच ना रे?" पोलिसाने मुकाट्याने सॅल्यूट ठोकला. मी मूळचा वाडा गावचा, म्हणून मी त्यांच्या हातचा नाही. याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग क्लास लावला आणि नवीकोरी पांढरी गाडी घेतली. जन्मभर जीपच्या मागच्या फळीवर बसून गेले, आता पुढं बसणार, असं त्या म्हणाल्या. पण ती गाडी जायची फक्त बाजारात आणि परत. एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुमच्या जुन्या गावांना एक चक्कर का मारत नाही?"

"तिथं आता नवी सिस्टर आहे रे विनू. मी गेले तर तिला वाटेल, म्हातारी तपासायला आली."

तेवढ्यावर विषय संपला.

गाडीला वर्षही झालं नव्हतं, तोच बाजारातून परतताना चढावर डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लुकलुकला. सिस्टरांनी आधी गळतीचा संशय घेतला. गाडीखाली जुनी पांढरी चादर अंथरली आणि सकाळी गुडघे टेकून ती इंच इंच तपासली. एक ठिपका नाही. मग गाडी चालू करून धुराच्या नळकांड्यासमोर स्वच्छ रुमाल धरला. रुमाल काळसर झाला.

"बाहेर काही जात नाही," त्यांनी निदान केलं. "पोटातच जळतंय."

गाडी वॉरंटीत होती. आम्ही दोघं नाशिकच्या वर्कशॉपला गेलो. तिथले मॅनेजर हसतमुख, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, थोडं ऑइल सगळ्याच गाड्या खातात. त्यात तुमचा घाटाचा रस्ता. नॉर्मल आहे."

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. मी त्यांना चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, उलट उतरला.

"नॉर्मल हा शब्द मला सांगू नका. मी पाड्यावर पोरांची वजनं घ्यायचे. काटा हलायचा नाही. बाहेरून पाहुणे यायचे आणि म्हणायचे, इकडची पोरं अशीच बारीक असतात, नॉर्मल आहे. सगळीच बारीक होती, म्हणून कोणाला त्यात काही दिसायचंच नाही. तेव्हा मी गप्प बसत नव्हते. आता एका गाडीसाठी बसू होय?"

मॅनेजरांचं हसू गेलं. त्यांनी गाडीचा नंबर कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाले, "ठीक आहे. रीतसर टेस्ट लावू." ऑइल पातळीपर्यंत भरलं, वरच्या झाकणाला आणि खालच्या बोल्टला सील लावलं. आता हजार किलोमीटर गाडी चालवायची, मध्ये स्वतः ऑइल घालायचं नाही. सील तुटलं तर टेस्ट बाद. हजार झाले की ते ऑइल काढून वजन करणार आणि किती कमी झालं ते कंपनीला कळवणार.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला. "सिस्टर, नाशिकच्या थोड्या फेऱ्या मारल्या की झालं."

"उगाच कशाला? चालवायचीच आहे, तर कामाच्या रस्त्याने चालवू."

"काम कुठलंय आता?"

त्यांनी गिअर बदलला. पण दुसऱ्या दिवशी गाडी निघाली ती खोडाळ्याच्या अंगाला, त्यांच्या जुन्या गावांकडे. सोबत मी, कारण टेस्टला साक्षीदार लागतो असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

मग तो सिलसिलाच झाला. दुकान बायकोच्या ताब्यात आणि मी सिस्टरांच्या डावीकडे. भात पिवळा पडत होता, उतारांवर नाचणी कापायला आली होती. गाडी पाड्याच्या तोंडाशी थांबली की आधी कुत्री यायची, मग पोरं, मग बाया. "नर्सबाय आली गं!" आणि सिस्टर उतरताक्षणी जाहीर करायच्या, "मी गाडीच्या तपासणीला आले हां. मुद्दाम नाही आले." नव्या सिस्टरांच्या कानावर जावं म्हणून हे जरा मोठ्याने. एका उपकेंद्रात ती नवी सिस्टर प्रत्यक्ष भेटली. बावीस-तेवीसची पोर. ती हात जोडून म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव ऐकून ऐकून मी कंटाळले हो! लोक म्हणतात, ती असं करायची, ती तसं करायची." सिस्टर लाजल्या. त्यांना लाजताना बघणं हा एक वेगळाच अनुभव होता.

आणि एक दिवस साखरशेतच्या अलीकडच्या चढावर लाल दिवा लागला. या वेळी लुकलुकला नाही, लागला तो लागलाच. सिस्टरांनी तत्काळ गाडी बंद केली. माझ्या पिशवीत ऑइलचा डबा होता, घरून गुपचूप आणलेला. मी तो काढला.

"ठेव आत. सील तोडायचं नाही."

"अहो, इंजिन जाईल!"

"चालवली तर जाईल. मी कुठं चालवतेय?"

त्यांनी मॅनेजरांना फोन लावला. मॅनेजर म्हणाले, अजिबात चालू करू नका, उचलायला ट्रक पाठवतो. पण नाशिकहून ट्रक यायचा म्हणजे दुपार जाणार. रस्त्याच्या वरच एक पाडा होता. तिथून जानीबाई खाली आली. सिस्टरांच्याच वयाची, पाठीत थोडी वाकलेली. तिची चारही बाळंतपणं सिस्टरांनी केलेली.

"काय झाला गं?"

"गाडीनं ऑइल खाल्लं सगळं."

"भुकेली असेल," जानीबाई म्हणाली. "तू खाल्लास का काही?"

ती आम्हाला घरी घेऊन गेली. नाचणीची भाकर आणि उडदाचं वरण. जेवण झालं तशी जानीबाईने ओट्यावर चटई टाकली. सिस्टर तिच्यावर आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. ज्या बाईला मी कधी खुर्चीला पाठ टेकलेलीही पाहिली नव्हती, ती बाई परक्या ओट्यावर तोंड उघडं टाकून घोरत होती. जानीबाई शेजारी बसून माश्या वारत होती. मी काही बोलायला गेलो, तर तिने मला हातानेच गप्प केलं.

ट्रक आला. गाडी वर चढवली. सिस्टर ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या. मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला, आपण जीपने घरी जाऊ. तर म्हणाल्या, "पेशंटबरोबर कोणीतरी जायला नको?" आणि गेल्या.

हजार पुरे झाले नव्हते, तरी मॅनेजरांनी तेवढ्यावरच वजन केलं. जवळजवळ सगळं ऑइल जळलेलं होतं. इंजिन उघडलं, तर आतल्या पिस्टनच्या रिंगा पहिल्यापासूनच सदोष निघाल्या. कंपनीने अर्धं इंजिन वॉरंटीत बदलून दिलं. मॅनेजरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर होतं. आणि एक सांगू? हल्ली माझ्या तोंडात 'नॉर्मल' येतं आणि मी थांबतो."

गाडी घरी आली ती शांत. धूर नाही, दिवा नाही. सिस्टरांनी आठवडाभर पट्टी काढून पाहिली, खूण जागची हलली नाही. मग त्यांनी बघायचं सोडलं. मला वाटलं, आता सिस्टर खूश. पण गाडीवर आच्छादन चढलं ते उतरेना. बाजारातही त्या पायी जाऊ लागल्या. संध्याकाळी दिवा न लावता बसलेल्या दिसायच्या. बायको भाजी घेऊन गेली की म्हणायच्या, "ठेव गं तिथं, खाईन." भाजी दुसऱ्या दिवशी तशीच परत यायची.

मी एकदा म्हटलं, "सिस्टर, चला, जरा फिरून येऊ. खोडाळ्याला जाऊ."

"कशाला? काय सांगायचं तिथं जाऊन? गाडी तर बरी झाली."

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस. दुकानासमोर शेअर जीप थांबली आणि तिच्यातून जानीबाई उतरली. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. विचारत विचारत ती सिस्टरांच्या दारात पोचली. मी गिऱ्हाईक सोडून मागे गेलो.

जानीबाईने आधी अंगणातल्या झाकलेल्या गाडीकडे बघितलं, मग सिस्टरांकडे.

"बरी झाली काय ही?"

"झाली."

"मंग आता तू नाय येणार."

सिस्टर आच्छादनाची सुटलेली कड खोचू लागल्या.

"बिघडेल होती तं येत होतीस. सगळी विचारतात मला, नर्सबाय कुठं गेली? मी काय सांगू त्यांना? तिची गाडी बरी झाली म्हणून सांगू?"

सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आत जाऊन चहा ठेवला. दोघींनी तो प्याला. चहा झाल्यावर सिस्टर बाहेर आल्या, गाडीवरचं आच्छादन ओढून काढलं आणि पुढचं दार उघडून धरलं. "बस. सोडते तुला. विनू, तूही चल."

जानीबाई पुढच्या सीटवर अवघडून बसली. सबंध रस्ताभर ती डॅशबोर्डला धरून होती. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. खळ्यावर भाताचे भारे रचलेले होते. या वेळी बाया जमल्या, तेव्हा सिस्टरांनी गाडीच्या तपासणीचं नाव काढलं नाही. कोणी विचारलंही नाही.

निघायची वेळ झाली. जानीबाईने विचारलं, "परत कव्हा?"

जन्मभर सिस्टरांनी इतरांना तारखा दिल्या होत्या. अमक्या दिवशी लस, तमक्या दिवशी तपासणी, चुकवायची नाही. आता त्या किल्लीशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"तू सांग," सिस्टर म्हणाल्या.

"उद्याच ये. झोडणी हाय."

"मला कुठं झोडता येतं?"

"नको झोडू. बस नुसती. आमची पोरा धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला उठलो तेव्हा भिंतीपलीकडे सामसूम होती. सिस्टरांच्या दाराला कुलूप होतं, आणि अंगणात गाडी नव्हती.