कानाला पुरलेला हात

पस्तिशी उलटलेल्या बाईला नर्सिंगला प्रवेश हवा असेल तर पस्तीसच्या वरची वर्षं कॉलेजात जमा करावी लागतात, आणि द्वारका सोनटक्केला आठ करायची होती.

यात नवल काहीच नाही. फॉर्मच्या मागच्या पानावर, फोटो कुठं चिकटवायचा त्याच्याखालीच तसं छापलेलं असतं. रक्तदानात रक्त काढतात तशी सुईनं वर्षं काढतात. एका वर्षाला एक रिकामी सलाईनची बाटली, तिच्यावर नाव, साल आणि कॉलेजचा शिक्का. कोर्स तीन वर्षांचा. पास झालं की बाटल्या परत मिळतात.

निंबाळे गावात कॉलेजं दोन. एक तळ्याकाठी, एक टेकडीवर. फी सारखी, गणवेश सारखा, दोन्हीकडच्या कँटीनमधला वडाही एकाच हलवायाकडून यायचा म्हणतात. फरक एवढाच की तळ्याकाठचं कॉलेज वर्षं जन्माच्या बाजूनं घ्यायचं आणि टेकडीवरचं आजच्या बाजूनं. बाकीच्या बायकांना बसचा थांबा कुठला जवळ एवढंच बघायचं असे. द्वारकेचं मात्र इकडे आड तिकडे विहीर झालं होतं.

ती बारा वर्षं गावातल्या एका नर्सिंग होममध्ये मावशी होती. मावशी म्हणजे बेडपॅन, फरशी, पेशंटच्या चादरी, आणि जे कुणी करणार नाही ते सगळं. सिस्टर जेवायला गेल्या की सलाईनही तीच बदलायची, पण तो विषय कुणी काढत नसे. या वर्षी डॉक्टर म्हणाले, "मावशी, दिवाळीनंतर सर्टिफिकेट नसलेलं कुणी वॉर्डात ठेवता येणार नाही. तुम्ही शिकून घ्या. प्रवेशाची पावती दाखवली तरी चालेल." छत्री घेऊन या म्हणावं तसं म्हणाले आणि राउंडला निघून गेले. नवरा चार वर्षांपूर्वी सुरतेला गेला तो गेलाच होता. घरात सात वर्षांची मयुरी होती आणि दोघींची चूल त्या वॉर्डावर पेटत होती.

आता हिशोब बघा. टेकडीवर गेली तर शेवटची आठ वर्षं बाटलीत जाणार, म्हणजे मयुरी सगळीच्या सगळी जाणार. पोरगी घरात असेल, जेवेल, शाळेत जाईल, पण ही कुणाची पोर आपल्या दारात बसलीय, असं द्वारकेला रोज सकाळी वाटेल. तळ्याकाठी गेली तर पहिली आठ वर्षं जाणार. द्वारकेची आई द्वारकेला सातवं वर्ष सरताना वारली होती. म्हणजे आई सगळी जाणार.

"टेकडीवर जा," वॉर्डातल्या शेलार सिस्टर म्हणाल्या. त्या वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. "नवऱ्याची तेवढी चार वर्षं वाया गेली ती जातील."

"मग तर तो घरात नाही हेच मला कळायचं नाही. रोज त्याचं ताट वाढून बसेन मी. आणि मयुरीला कोण म्हणून हाक मारू?"

 सिस्टरांनीही स्वतः चाळिशीत शिक्षण घेतलं होतं, पाच वर्षं जमा करून. परत मिळताना तीन बाटल्यांची अदलाबदल झाली. कुणा कोकणातल्या ब्रदरची तीन वर्षं त्यांच्या अंगात आली आणि त्यांची तीन त्याला गेली. अहिल्यानगरच्या शेलार सिस्टरांना तेव्हापासून माडावर चढायचं आठवतं, आणि पहिलं बाळ पहिल्यांदा हसलं ते आठवत नाही. त्यांनी दोन अर्ज केले. तिसरा केला नाही.

"तो तरी सांभाळून ठेवत असेल बाळाला," त्या कधीकधी म्हणायच्या आणि औषधांच्या ट्रेला लागायच्या.

म्हणजे परत मिळतात या बोलण्याला काही अर्थ नव्हता, हे द्वारकेला पुरतं माहीत होतं. जे द्यायचं ते दिलंच असं धरून चालायचं. दोन रात्री तिला नीट जेवण गेलं नाही. आई की मुलगी, असं कुणी कुणाला विचारू नये, आणि फॉर्मवर तर चौकोन करून विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं तळ्याकाठच्या कॉलेजच्या चौकोनात खूण केली. मेलेल्या माणसाला परत मारता येत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं, आणि तेही तिला माहीत होतं.

पण खूण करताना तिला एक गोष्ट आठवली आणि तिचा जीव तिथंच अडकला. तिची जन्मतारीख एक जून होती. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचीच एक जून होती, कारण सगळ्यांची गुरुजींनी लिहिली होती. त्या काळी पोराला शाळेत घालायचं तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. द्वारकेची आई खडी फोडायला जायची आणि पोरीला ठेवायला जागा नव्हती. तेव्हा द्वारका चारच वर्षांची होती. आईनं आठ दिवस रोज संध्याकाळी तिचा सराव घेतला. "हात नको ताणू गं, मान वाकव. कानालाच हाताकडं आण." गुरुजींपुढं द्वारकेनं मान वाकवली, कान सापडला, गुरुजींनी सहा लिहिले.

म्हणजे कागदावर ती त्रेचाळीस होती, पण खरी एक्केचाळीस. पस्तीसच्या वर सहाच. सहा वर्षं गेली तर सातवं राहत होतं, आणि सातवं वर्ष म्हणजे आईचं शेवटचं. त्या वर्षी आई सरकारी दवाखान्यात होती. खाटेवर बसून द्वारकेची वेणी घालायची, हात थरथरायचे म्हणून वेणी एका बाजूला जायची, आणि द्वारका दिवसभर ती तशीच वागवायची. बाकी सहा वर्षं न्या. ते एक राहू द्या. एवढंच तिला हवं होतं.

तळ्याकाठच्या कॉलेजात वयपाल म्हणून खडके नावाचे गृहस्थ होते. दुष्ट वगैरे अजिबात नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

"जन्माचा दाखला?"

"नाही साहेब. घरी जन्मले."

"साक्षीदार? तेव्हाचं कुणी? सुईण?"

"एक आईच होती."

"आईला घेऊन या."

"तिच्यासाठीच तर आलेय साहेब."

खडक्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही बाई. पण कागद म्हणेल ती पूर्व दिशा. आता एकच पुरावा उरतो, तुमची स्वतःची आठवण. शाळेत घातलं तो दिवस पाचव्या बाटलीत निघाला तर तुम्ही चार वर्षांच्या होता. सातव्या बाटलीत निघाला तर गुरुजींचं बरोबर."

"मग पाचवी बघा आणि तिथं ठरवा. सहावीनंतर थांबा."

"आठही काढून झाल्या की मगच तपासणी होते. मध्ये सुई काढायची नाही असा नियम आहे. पूर्वी काढत होते. लोक मध्येच उठून घरी जायचे."

"आणि माझं खरं निघालं तर?"

"तर जास्तीची दोन परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो," खडके म्हणाले. ते एवढ्या आपुलकीनं म्हणाले की द्वारकेला बरं वाटलं. तरीही तिनं तिथंच बसून आगाऊ एक अर्ज लिहून दिला. 'माझ्या आईचं शेवटचं वर्ष माझ्याकडे राहू द्यावं ही विनंती. दुसरं काही नको.' खडक्यांनी तो फाइलीला लावला आणि त्यावर आवक क्रमांक टाकला.

"आणि साहेब, चालणं, बोलणं, लिहिणं? तेही पहिल्या आठांतलंच ना?"

"ती सवय झाली. सवय जमा होत नाही. नाहीतर आम्हाला सगळ्या बायका उचलून वर्गात न्याव्या लागल्या असत्या. त्या वर्षांबद्दल नंतर आठवलेलं, बोललेलं मात्र त्यांच्याबरोबरच जातं."

शनिवारी सुई लागायची होती. शुक्रवारी चार वाजता मयुरी शाळेतून आली, तेव्हा द्वारका उंबऱ्यात बसून होती. तिनं पोरीला समोर उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून घ्यायला सांगितला. मयुरीचा कान सहज लागला.

"मी चार वर्षांची होते तेव्हा माझा नव्हता लागत," द्वारका म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. गुरुजी, खडी, आठ संध्याकाळी, वाकवलेली मान. वेणीचंही सांगायला घेतलं, पण तिला रडू आलं आणि पुढं बोलवेना.

"मग आजी चीटिंग करायची?" मयुरीनं विचारलं.

"करायची की. माझ्यासाठी करायची."

मयुरीला ते फार आवडलं. घरभर मान वाकडी करून फिरली, शेवटी द्वारकाच म्हणाली, पुरे, लचक भरेल. रात्री भाकरी खाताना द्वारकेला आईचा आवाज आठवायचा होता, आणि आठवलाही. उद्या या वेळी तो नसेल हे तिला कळत होतं. कळून करायचं काय? भांडी घासून ती झोपली.

सकाळी तिला कॉटवर झोपवलं. डाव्या हाताला सुई लावली. लहानपणची वर्षं पातळ असतात, भाताच्या पेजेसारखी, भराभर येतात. पहिल्या चार बाटल्यांना फार वेळ लागला नाही. पाचवीत धार जरा जड झाली. सातवी भरायला सगळ्यांत उशीर लागला, आणि शिपाई दोनदा नळीला टिचकी मारून गेला. आठवी भरली तेव्हा द्वारका छताकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं. कशाचं, ते तिला सांगता आलं नसतं. मग तिला चहा आणि दोन बिस्किटं दिली.

खडके शब्दाला जागले. त्यांनी पाचवी बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि रजिस्टरात नोंद केली.

"बाई, तुमचं खरं होतं."

"काय खरं होतं साहेब?"

"तुम्ही चारच वर्षांच्या होता. दोन वर्षं जास्त घेतली गेलीत. परत हवी असतील तर हा अर्ज. काय परत हवं ते स्वतःच्या अक्षरात, आठवून लिहायचं. सही आजचीच लागेल."

द्वारकेनं पेन घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. पुढं 'परत हवी असलेली बाब' असा रकाना होता. तिथं पेन टेकवलं आणि थांबली. तिनं आठवायचा प्रयत्न केला. सगळ्यांत आधीचं तिला आठवत होतं ते मामाचं घर, आणि आपण त्या घरात भांडी घासतोय, एवढंच. त्याच्या मागं काही नव्हतं. भिंत नव्हती, अंधार नव्हता, काहीच नव्हतं.

खडके अस्वस्थ झाले. नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी फाइल उघडून तिचाच आधीचा अर्ज तिच्यापुढं ठेवला. "नक्कल चालणार नाही. पण नजर टाका. काही सुचतंय का बघा."

द्वारकेनं तो दोनदा वाचला.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली.

"मग?"

"या बाईला फार वाईट वाटत होतं, असं दिसतंय."

 भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून खडक्यांनी सांगितलं की कार्यालय शनिवारी एक वाजता बंद होतं. द्वारकेनं पेनाला टोपण लावलं.

"राहू द्या साहेब. प्रवेशाची पावती तेवढी द्या. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचीय."

पावती मिळाली. तिच्यावर वय पस्तीस लिहिलं होतं. आठ बाटल्या शिपायानं लाकडी कपाटात वरच्या फळीवर लावल्या आणि कपाटाला कुलूप घातलं.

मयुरी फाटकाशी उभी होती. आईनं आपल्याला ओळखलं का, हे बघायला ती पुढं न येता तिथंच थांबली. "मयुरी, चल," द्वारका म्हणाली, तशी ती धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. बराच वेळ सुटली नाही.

मग ती मागं सरकली. मान एका बाजूला वाकवून तिनं हात डोक्यावरून घेतला आणि कान धरून उभी राहिली.

"हे काय करतेस?"

"आजीचं. आजीनं तुला शिकवलेलं."

"कुठल्या आजीनं?"

"तुझ्या आईनं."

"बरं," द्वारका म्हणाली.

"तू कर ना."

द्वारकेनं पावती दाताखाली धरली आणि उजवा हात डोक्यावरून नेला. त्रेचाळीस असो, एक्केचाळीस असो की पस्तीस, थोराड बाईचा हात, तो सरळ धरला तरी पुरला असता. पण तिची मान आपसूक वाकली, कान हाताकडं आला.

"पुरला," मयुरी म्हणाली.

द्वारकेनं कान सोडला. मग पावती ब्लाउजमध्ये ठेवली, पोरीचा हात धरला, आणि दोघी बसच्या थांब्याकडं गेल्या.