तिघांना सांगणारे गफूरभाई

गफूरभाईंना चहा प्यायचा असला की ते तिघांना सांगतात. शिपायाला, वॉचमनला आणि मला. एक विसरणार, दुसरा गप्पांत अडकणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. पण आमच्या अणदूरच्या दूध डेअरीत माणसं लई आज्ञाधारक! तीन कप येतात. गफूरभाई तिन्ही पितात आणि वर म्हणतात, "एकाचा काय भरवसा, ताई?"

डेअरीतले कॉम्प्युटर, केबली, सगळं तेच बघतात. काट्यावर दुधाचं माप पडलं की तोच आकडा एकाच वेळी तीन कॉम्प्युटरवर जातो. माझ्या, गोदामातल्या आणि चेअरमनच्या केबिनमधल्या. एक बंद पडला तरी काम अडत नाही. हे ठीक आहे हो, पण माणसांचंही तेच? भाच्याच्या लग्नात गफूरभाईंनी नवरदेवासाठी तीन गाडीवाल्यांना सांगून ठेवलं. तिघंही फुलं लावून हजर! नवरदेव उन्हात उभा आणि हे तिघं हमरीतुमरीवर. शेवटी पोरगं मोटारसायकलवर गेलं. मी हसून हसून बेजार.

गफूरभाईंनी लग्न केलं नाही. अब्बा गेल्यापासून घरात फक्त अम्मी. तिला अर्धांगवायू झाल्यापासून बोलता येत नाही, आणि दिवसभर ती एकटीच. तिच्या उशाशी त्यांनी एक बटण बसवलंय. दाबलं की घंटी तीन ठिकाणी वाजते. त्यांच्या फोनवर, शेजारच्या शिवाप्पा टेलरच्या फोनवर आणि माझ्या कॉम्प्युटरवर. "अहो, तुमचा फोन आहे की!" मी म्हटलं होतं. ते माझ्या कॉम्प्युटरला घंटी जोडतच राहिले.

परवा दुपारी ती घंटी वाजली. गफूरभाई सामान आणायला नळदुर्गला गेलेले, फोन लावला तर बंद. हातातलं काम टाकून पळाले. समोरून बाजारातल्या दुकानातनं शिवाप्पा पळत आले, गळ्यात टेप तशीच. दारात दोघं एकदमच पोचलो.

अम्मी ठणठणीत! आम्हाला बघून अर्ध्या ओठानं हसली आणि चटईकडं हात केला. बसा म्हणे. म्हातारीला नुसती सोबत हवी होती. मग काय, बसलो.

तेवढ्यात गफूरभाई धापा टाकत आले. वाटेत चार्ज करून फोन सुरू केला तेव्हा त्यांना घंटी वाजून गेलेली दिसली होती. अम्मीला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसून लहान पोरासारखे रडायला लागले.

"अहो, बरी हायेत की त्या!" शिवाप्पा म्हणाले.

"अब्बांच्या छातीत कळ आली तवा अम्मीनं एकच नंबर लावला, ताई. माझा. लावत ऱ्हायली, लावत ऱ्हायली. म्या फोन बंद ठिवला व्हता."

शिवाप्पा उगाच टेप गुंडाळत बसले.

"गफूरभाई," शेवटी मी म्हटलं, "रविवारी मी डेअरीत नसते. माझ्या घरच्या फोनवरपण जोडा ती घंटी."