एका श्रोत्याचं रेडिओ केंद्र

हेसेलफेल्डचे निवृत्त ट्रामचालक एकहार्ट ब्रोमेल यांच्या गाडीत कारखान्यानेच बसवून दिलेला रेडिओ होता आणि त्या रेडिओला बाहेरची वायर जोडायला भोक नव्हतं. गाडी एकोणीस वर्षांची. रेडिओने शेवटची कॅसेट गिळली त्यालाही सहा वर्षं झाली होती. तरी तो बदलायचा विचार एकहार्टच्या मनाला शिवला नाही, कारण गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद होती.

अडचण त्यांच्या पत्नीची होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर इर्मट्राऊटच्या आवाजाची नुसती खरखर उरली होती. मुलीने चर्चच्या गायकवृंदातली आईची जुनी दहा गाणी आगपेटीएवढ्या यंत्रात भरून दिली. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी समुद्रावर जायचं आणि वाटेत गाडीभर तो आवाज ऐकायचा, एवढंच तिचं मागणं होतं. कानात बोंडं घालून ऐकायला ती तयार नव्हती. गाणं दोघांत असावं लागतं, असं तिचं म्हणणं.

शेजारच्या रुडिगरने उपाय सांगितला. बोटाएवढा प्रक्षेपक मिळतो. तो यंत्राला जोडायचा, रेडिओवर एकही केंद्र लागत नाही अशी मोकळी जागा शोधायची, की गाणं हवेतून हातभर उडी मारून रेडिओत शिरतं.

"मी वर्षभर वापरतोय," रुडिगर म्हणाला.

"आणि परवानगी?" एकहार्टनी विचारलं.

रुडिगर आपल्या गाडीत बसला आणि गाणं लावून निघून गेला.

सोमवारी सकाळी आठ वाजता एकहार्ट प्रसारण परवाना कक्षात हजर झाले. टेबलामागे क्वास्टबाई होत्या.

"प्रसारण सुरू करायचंय?"

"नाही हो, गाणी ऐकायचीत."

"हवेतून जातात ना? मग ते प्रसारणच. केंद्र संचालक कोण?"

संचालक एकहार्ट झाले. स्टुडिओ म्हणून पुढची डावी, चालकाची सीट नोंदली गेली आणि प्रसारण क्षेत्र म्हणून पुढची उजवी. दर तासाला बातम्या देणं बंधनकारक असल्याने 'पेट्रोल अर्ध्यावर आहे' या मजकुराला पूर्वसंमती मिळाली. गायिकेचं लेखी संमतिपत्र लागलं, ते इर्मट्राऊटने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सही करून दिलं. नमुन्याचं गाणं जोडून ते कक्षात गेलं, तिथून फोनवर तिचा होकार घेतला गेला आणि ते परत आलं. गायिकेचा आणि सही करणाऱ्या बाईंचा आवाज जुळत नसल्याने दोघी एकच असल्याचा दाखला जोडावा, असा शेरा होता.

इर्मट्राऊटने तो शेरा दोनदा वाचला. "आण दाखला," ती म्हणाली. "मलाही हल्ली शंका येते."

पाद्रीबुवांनी दाखला दिला. मग श्रोता सर्वेक्षण झालं आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.

"ब्रोमेलसाहेब, ही तर मक्तेदारी आहे," क्वास्टबाई गंभीरपणे म्हणाल्या. "एका केंद्राला तीस टक्क्यांहून जास्त श्रोते ठेवता येत नाहीत. तुमच्याकडे शंभर टक्के आहेत."

"बाई, शंभर टक्के म्हणजे एकटी माझी बायको."

"तेच म्हणतेय मी. एकही सुटलेला नाही."

शेवटी तोडगा निघाला. दहापैकी तीनच गाणी लावायची, उरलेल्या वेळात श्रोत्याने इतर माध्यमांचा विचार करावा. परवाना लग्नाच्या वाढदिवशीच मिळाला. समुद्रावर जाता जाता तो घेऊन दोघं कक्षाच्या आवारात आले, तर क्वास्टबाई जेवायला घरी निघाल्या होत्या. त्यांच्या गाडीत बोटाएवढ्या प्रक्षेपकाचा निळा दिवा लुकलुकत होता आणि जोरात गाणं चाललं होतं.

"तुमचा परवाना कितव्या नंबरचा?" इर्मट्राऊटने खरखरत विचारलं.

"मी अर्जच केला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "केला असता तर तो कोणालातरी तपासावा लागला असता, आणि इथे तपासायला मीच. पण तुमच्या यजमानांनी विचारलं. विचारल्यावर उत्तर द्यावंच लागतं."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," इर्मट्राऊट नवऱ्याला म्हणाली आणि गाडीत बसली.

तीन गाणी वाजली. गाडी त्या जुन्या, भरल्या आवाजाने काठोकाठ भरली. इर्मट्राऊटने डोळे मिटून घेतले होते आणि तिचा हात एकहार्टच्या गुडघ्यावर होता. तिसरं संपताच एकहार्टनी यंत्र बंद केलं.

"लाव की. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले.

मग चौथं गाणं तिने स्वतःच गायला घेतलं. सूर फाटत होता, शब्द अर्धेच बाहेर येत होते, पण समुद्र दिसेपर्यंत ती थांबली नाही. एकहार्टना रडू आलं. चाळीस वर्षांत तिचं गाणं त्यांना इतकं आवडलं नव्हतं. ते पुन्हा ऐकायला मिळावं असं त्यांना मनापासून वाटलं, आणि म्हणूनच ते रीतसर व्हावं असंही वाटलं.

घरी येताच त्यांनी कक्षाला पत्र लिहिलं: चालत्या गाडीत पत्नी स्वतःच्या गळ्याने गायल्यास वेगळा परवाना लागतो काय?

इतर उत्तरांना महिने लागले होते. हे तिसऱ्या दिवशी आलं.

"महोदय, आजवर लागत नव्हता. तथापि आपण विचारणा केल्याने विषय विचारार्थ घेण्यात आला आहे. निर्णय होईपर्यंत सर्व नागरिकांनी गाडीत गुणगुणणं थांबवावं. ही सूचना ज्याच्या वाचनात येईल त्यालाही ती लागू राहील."