दहापैकी सात

मास्तरांनी दहापैकी सात दिले आणि फोन ठेवला, तेव्हा आपण एका बाईच्या पोटावर पाय दिलाय याची त्यांना पुसटशीही कल्पना नव्हती. उलट त्यांना जरा हळवंच वाटत होतं. चौतीस वर्षं त्यांनी भाषेचे पेपर तपासले, पण सातच्या वर त्यांचं लाल पेन कधी गेलं नाही. आठ म्हणजे एखादी चूक आपल्या नजरेतून निसटली, असं त्यांचं साधं गणित होतं. पोटची मुलगी साडेसहावर अडकली ती अडकलीच. आणि आज, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, अखेर कुणीतरी सात मिळवून दाखवले होते.

"सात? नक्की ना, सर?" घरसेवा कंपनीच्या 'दर्जा विभागा'तल्या मुलीने दोनदा विचारलं होतं.

"नक्की. माझ्याकडून सात म्हणजे काय, ते गावात कुणालाही विचारा."

मुलगी गावात विचारायला जाणार नव्हती. तिने सात नोंदवले आणि पुढचा नंबर फिरवला.

हे सात मिळाले होते मावशीला. मास्तरांना कंपवात होता. हात थरथरायचे, पाय ऐनवेळी जमिनीला चिकटून बसायचे. स्वतःची मुलगी परगावी, म्हणून दिवसभर कंपनीची मावशी यायची. तिचा मोठा गुण असा की ती गरजेपेक्षा जास्त काहीच करायची नाही. मास्तरांना खुर्चीतून उठायला चाळीस सेकंद लागतात हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. ती समोर उभी राहायची, हात पाठीमागे बांधायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. मास्तर उठायचे, वॉकर धरायचे, स्वतःच्या पायांनी संडासात जायचे आणि आतून कडी लावायचे. त्या वयात माणसाची सगळी इभ्रत त्या एका कडीवर टांगलेली असते.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती खांद्यावरची पिशवी न काढताच उभी राहिली.

"सर, माझं काय चुकलं?"

"चुकलं? अहो, सात दिलेत तुम्हाला!"

"तेच तर. आठच्या खाली गेलं की नावापुढे लाल रंग येतो. मला सुधारणा वर्गाला घातलंय. सहा आठवडे. हे घर काढून घेतलं माझं, पगारही बंद."

"पण सात म्हणजे... अहो, माझ्या मुलीला मी साडेसहा दिले होते!"

"मग ताईंनाही वर्गाला पाठवलं होतं का?" मावशीने भाबडेपणाने विचारलं.

मास्तरांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावायला सांगितला.

"गुण बदलायचेत. दहा करा."

"एकदा दिलेले गुण बदलत नाहीत, सर. असे बदलायला लागलो तर गुणांना किंमत काय राहील?"

हे वाक्य मास्तरांचं स्वतःचं होतं. शेकडो आईबापांना त्यांनी ते दारातूनच ऐकवून परत पाठवलं होतं. ते कानाला इतकं वाईट लागतं हे त्यांना आज कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मावशीच्या जागी ब्रदर आला. धिप्पाड, हसरा, पांढरे स्वच्छ बूट. सकाळी सव्वाआठ वाजता त्याने नोंदवही उघडली आणि संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून टाकल्या. 'दुपारी चार ते साडेचार : रुग्णाशी आपुलकीच्या गप्पा' याच्यापुढेही खूण पडली.

"अहो, चार वाजायचेत अजून."

"वाजतील की, सर."

मास्तरांनी उठायला म्हणून खुर्चीचे हात धरले. दहाव्या सेकंदाला ब्रदरने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं.

"मी उठतो ना."

"आणि पडलात म्हणजे? निस्तरायला मी." त्याच दिवशी वॉकर माळ्यावर गेला आणि मास्तरांना डायपर लागला.

"अहो, मला कळतं. मला जाता येतं."

"असू दे हो. लाजायचं काय त्यात? माझे सगळे पेशंट तसेच असतात."

ते तसेच का असतात, हे मास्तरांना पंधरा दिवसांत समजलं. न वापरलेले पाय लवकर विसरतात. ब्रदर फोनवर बोलायला गॅलरीत गेला की मास्तर चोरून उठायचा सराव करायचे, आयुष्यभर कॉपी पकडणारा माणूस स्वतः कॉपी करत असल्यासारखे दाराकडे बघत. चाळीसाचे साठ झाले, साठाचे शंभर. मावशी लवकर परत आली नाही तर आपण पुन्हा कधीच उभे राहणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्यांना भीती वाटत होती.

"बाबा, पुढचा फोन आला की सरळ शून्य द्या," भेटायला आलेल्या मुलीने त्याच्या नकळत बजावलं. "जाईल तो. मग मी मावशींना मागून घेते."

महिन्याचा फोन आला. मास्तरांचा हात थरथरायचा, म्हणून फोन ब्रदरच त्यांच्यापुढे धरायचा. आवाज सगळ्या खोलीत.

"किती गुण द्याल, सर?"

ब्रदर हसून बघत होता. मास्तरांचं जेवण व्हायचं होतं. डायपर सकाळपासून तोच होता. अख्खी दुपार बाकी होती, आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

"दहा," मास्तर म्हणाले. पेपरावरच्या नावाला, ओळखीला कधी न भुललेल्या माणसाने पहिले पैकीच्या पैकी गुण दिले ते भीतीपोटी.

कंपनीत आनंदीआनंद झाला. गेल्या खेपेला सातवर अडलेला म्हातारा दहा देतो, म्हणजे हा ब्रदर काहीतरी वेगळाच आहे! त्यांनी त्याला हे घर सांभाळून सुधारणा वर्गाचा शिक्षक केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी एवढ्यावर भागलं नाही, दोर ओढायलाही चोरच नेमला. शिवाय मास्तरांचं घर 'आदर्श घर' म्हणून जाहीर केलं आणि वर्गाची शेवटची परीक्षा तिथेच घ्यायची ठरवली.

सोमवारी अकरा वाजता सहा बायका मास्तरांच्या खोलीत रांगेने उभ्या राहिल्या. तिसरी मावशी होती. मास्तरांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"रुग्णाला साध्या खुर्चीतून चाकांच्या खुर्चीत हलवायचं," ब्रदरने घड्याळ काढलं. "वेळ वीस सेकंद. जी नापास होईल तिला कंपनी घरी बसवणार."

पहिल्या दोघींनी मास्तरांना धडाधड हलवलं आणि परत ठेवलं. मग मावशी पुढे आली. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हात पाठीमागे बांधले आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. उठता आलं असतं. शंभर सेकंद लागले असते, पण त्या सहा जणींसमोर आणि ब्रदरसमोर ते उभे राहिले असते. ब्रदरच्या घड्याळात सहा सेकंद झाले होते.

"मावशी, उचला," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही उठता, सर. मला माहितीये."

"उचला म्हणतो ना. घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू दे."

"आणि पोरांना काय घालाल, माझे सात गुण?"

मावशीने खिडकीवरची नजर काढली. मास्तरांनी खुर्चीचे हात सोडले, मान टाकली आणि अंग सैल सोडून दिलं. तिने त्यांना पोत्यासारखं उचललं आणि चाकांच्या खुर्चीत ठेवलं. एकूण सतरा सेकंद. मग पुन्हा हात पाठीमागे बांधून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"शाब्बास!" ब्रदर म्हणाला. "बघा सगळ्यांनी. रुग्ण अजिबात हलला नाही पाहिजे. हे खरं कौशल्य!"

मावशी पास झाली. पास झालेल्यांना नवीन घरं मिळाली. मावशीला गावाच्या दुसऱ्या टोकाचं. मास्तरांचं घर आदर्श होतं, त्यामुळे तिथे बदल करायचा प्रश्नच नव्हता. जाताना तिने मास्तरांचा घसरलेला पाय उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर नीट ठेवला.

"सर, सराव सोडू नका."

"तुम्ही मात्र सोडा," मास्तर म्हणाले. "वाट बघायची तुमची सवय वाईट आहे. नोकरी जाईल."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ब्रदरने तो मास्तरांपुढे धरला.

"बाबा, कंपनीचा अहवाल आलाय. आता ते पेशंटलाही गुण देतात म्हणे! ऐका हं. 'रुग्णाची हालचाल : शून्य. रुग्णाचे सहकार्य : दहापैकी दहा.' बाबा, दहा! आणि मला तुम्ही..." ती हसत होती. मग थांबली. "बाबा, हालचाल शून्य म्हणजे? तुम्ही बरे आहात ना?"

ब्रदरने फोन थोडा आणखी जवळ आणला.

"पैकीच्या पैकी आहेत म्हणतेस ना," मास्तर म्हणाले, "मग बराच असणार."